‘काही कळलं नाही बुवा!’

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बंगळूरच्या बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरते. कन्नडमध्ये तिला ‘कडलेकाई परिषे’ म्हणतात. मोठ्या नंदीच्या देवळापासून रस्त्याच्या दोन्ही कडांना भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागतात आणि सारी वस्ती खिसे भरभरून शेंगा खात हिंडते. या जत्रेच्या निमित्ताने मिरजेहून लेकीकडे आलेल्या एका निवृत्त मास्तरांना लेकीने जत्रेनंतर दोन दिवसांनी एका छोट्या सभागृहात नेलं. चार लघुपट होते. मास्तरांना वाटलं, ताजमहालावर किंवा धरणावर असतील. पहिल्यात एक माणूस आणि त्याच्या भोवतीचे रंग झटक्याझटक्याने नाचत होते. दुसऱ्यात चेहरे, देवांच्या तसबिरी, प्रयोगशाळा, नाचणारी पोरं डोळ्यांपुढून इतक्या वेगाने गेली की मास्तरांनी चष्मा काढून पुसला. तिसऱ्यात नुसत्या रेषा. आवाजही नाही. चौथा संपला तेव्हा दिवे लागले म्हणून तो संपल्याचं कळलं.

‘‘काही कळलं नाही बुवा!’’ बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले.

‘‘अप्पा, याला आवाँ गार्द म्हणतात.’’

‘‘म्हणजे काय गं?’’

लेक चित्रकलेची पदविका घेतलेली. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. ‘‘म्हणजे... प्रायोगिक,’’ ती म्हणाली. अप्पांनी मान हलवली. शाळेत विज्ञानाचे प्रयोग त्यांनी तीस वर्षं करून दाखवले होते. प्रयोगाला निष्कर्ष असतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हा शब्द आपल्याकडे बहुतेक वेळा असाच वापरला जातो. जे कळलं नाही त्यावर ही चिठ्ठी डकवायची आणि मोकळं व्हायचं. खरं तर शब्द फ्रेंच असला, तरी त्याच्या मागची गोष्ट मराठी माणसाला परकी नाही. तो लष्करातला शब्द आहे. मुख्य फौज मागून येत असते, तिच्या पुढे एक लहान तुकडी जाते. वाट शोधायची, पाणी कुठे आहे बघायचं, शत्रू कुठे दबा धरून बसलाय याचा अंदाज घ्यायचा, आणि पहिला मार खायचा, हे तिचं काम. मराठ्यांच्या फौजेत या आघाडीला ‘बिनी’ म्हणत. ‘बिनीचा शिलेदार’, ‘बिनीचा खेळाडू’ हे शब्दप्रयोग आपण आजही करतो. बिनीवाले हे आडनाव तिथलंच. पेशवाईत उत्तरेची मोठी मोहीम चालवणारे विसाजी कृष्ण बिनीवाले इतिहासाच्या पुस्तकात भेटतात. तर, आवाँ गार्द म्हणजे बिनी. कलेतल्या माणसांना हा शब्द पहिल्यांदा लावला गेला तो फ्रान्समध्ये, सेंट-सायमन या विचारवंताच्या नावाने १८२५ साली निघालेल्या पुस्तकात. समाजाला पुढे नेण्यात कलावंतांनी बिनीवर असावं, असा त्याचा रोख होता. तेव्हा तरी ‘न कळणं’ ही त्यात अट नव्हती.

बिनी म्हटलं की दोन गोष्टी आपोआप येतात. एक, मागून फौज यायला हवी. जो एकटाच रानात निघून गेला आणि ज्याच्या मागे कोणीच आलं नाही, तो वाट चुकलेला म्हणायचा. दुसरी, पुढे जाणाऱ्याला जखमा होतात. या दोन्ही गोष्टी पाहायच्या तर बसवनगुडीसारखी जागा नाही. वरवर पाहता हे विधान चमत्कारिक वाटेल.

कारण ही वस्ती जुन्या वळणाची. १८९८ च्या प्लेगनंतर पेठेतली दाटी सोडून माणसं ज्या नव्या, ऐसपैस वसाहतींत राहायला आली, त्यांतली ही एक. मठ, देवळं, संस्कृत पाठशाळा, गांधी बाजारातली फुलांची आणि पूजासाहित्याची दुकानं. १९४३ पासून डोसे घालणाऱ्या ‘विद्यार्थी भवन’समोर आजही नंबर लावून उभं राहावं लागतं. पण याच वस्तीत डी. व्ही. गुंडप्पांनी १९४५ साली आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने सार्वजनिक प्रश्नांचा अभ्यास करणारी संस्था काढली, आणि त्याच वर्षी बी. पी. वाडिया यांनी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर सुरू केली. व्याख्यानं, वाचनालय, मैफली. देशोदेशीचं काही ऐकायला, वाचायला मिळण्याची सोय. शेजारच्या बनशंकरीत ‘सुचित्रा’ फिल्म सोसायटी १९७१ पासूनची. म्हणजे सकाळी मठात तीर्थ घेणारा माणूस संध्याकाळी परदेशी चित्रपटाला जाऊन बसू शकतो, अशी ही वस्ती आहे. अशा वस्तीत एक चित्रपट पाहणं म्हणजे काय होतं, त्याची गोष्ट थोडी लांबून सांगायला हवी.

यू. आर. अनंतमूर्ती १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला पीएच.डी. करत होते. तिथे त्यांनी इंगमार बर्गमन या स्वीडिश दिग्दर्शकाचा ‘द सेव्हन्थ सील’ पाहिला. १९५७ चा चित्रपट. भाषा स्वीडिश, आणि खाली इंग्रजी अक्षरंही उमटत नव्हती. म्हणजे संवादातलं अक्षर कळलं नाही. पडद्यावर काय होतं? प्लेगने पोखरलेला मुलूख, धर्मयुद्धावरून परतलेला सरदार, आणि मृत्यूशी त्याने मांडलेला बुद्धिबळाचा डाव. अनंतमूर्तींनी पुढे अनेकदा सांगितलं आहे की, हा चित्रपट पाहून आणि त्यावर आपले मार्गदर्शक माल्कम ब्रॅडबरी यांच्याशी बोलून त्यांना आपली गोष्ट सापडली. युरोपला जे मध्ययुग इतिहासात शोधावं लागतं, ते आपल्याकडे अजून घराघरात नांदतं आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यातून ‘संस्कार’ ही कादंबरी झाली. ती १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली.

गोष्ट अशी. एका अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीत, नारणप्पा मरतो. जन्माने ब्राह्मण, पण सगळे आचार धाब्यावर बसवलेला. चंद्री नावाच्या खालच्या जातीतल्या बाईबरोबर राहिलेला. त्याला अग्नी कोणी द्यायचा? प्रेत उठल्याशिवाय गावात कोणाला अन्न शिवता येत नाही. सर्वांत विद्वान प्राणेशाचार्य पोथ्या उलगडून बसतात. पोथ्यांत उत्तर नाही. उंदीर मरू लागतात. प्लेग आलेला असतो.

यावर १९७० साली पट्टाभिराम रेड्डी यांनी कन्नड चित्रपट काढला. नेहमीच्या स्टुडिओतलं कोणी नाही. छायालेखक टॉम कोवन हा ऑस्ट्रेलियन तरुण. कलादिग्दर्शन चित्रकार एस. जी. वासुदेव यांचं, संगीत सरोदवादक राजीव तारानाथ यांचं. प्राणेशाचार्य झाले गिरीश कर्नाड. माथेरानला जन्मलेले, मराठी प्रेक्षकाला पुढे ‘उंबरठा’मध्ये भेटले तेच. नारणप्पा झाले लेखक पी. लंकेश. चंद्रीची भूमिका दिग्दर्शकाच्या पत्नी स्नेहलता रेड्डी यांनी केली. नाचगाणं नाही, रंगीत सेट नाहीत. शृंगेरीजवळच्या एका खेड्यात, खऱ्या घरांत, खऱ्या उजेडात चित्रण केलेलं. आज कोणालाही हे साधं वाटेल. तेव्हा कन्नड पडद्यावर कोणी असं केलं नव्हतं.

सेन्सॉरने चित्रपट अडवला. जातीजातींत तेढ माजेल, ही भीती. बऱ्याच खटपटीनंतर तो सुटला आणि देशातला त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका हाताने बंदी, दुसऱ्या हाताने सुवर्णपदक! आपल्या सरकारी व्यवहारात याचं नवल वाटायला नको.

आता फौज मागून आली की नाही ते पाहा. १९७१ मध्ये कर्नाड आणि ब. व. कारंत यांचा ‘वंशवृक्ष’. १९७३ मध्ये ‘काडु’. १९७५ मध्ये कारंतांचा ‘चोमन दुडी’, देशात पहिला. १९७७ मध्ये गिरीश कासरवळ्ळींचा ‘घटश्राद्ध’. पुन्हा देशात पहिला, आणि कथा पुन्हा अनंतमूर्तींची. आठ वर्षांत कन्नड चित्रपटाचा एक नवा रस्ताच पडला. आणि त्याचं टोक धरून मागे गेलं, तर एक माणूस परक्या देशात, न कळणाऱ्या भाषेतला चित्रपट बघत बसलेला दिसतो. मिरजेच्या अप्पांना हे सांगायला हवं होतं.

जखमेचा भाग मात्र जड आहे. आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, स्नेहलता रेड्डी यांना अटक झाली. जॉर्ज फर्नांडिस यांच्याशी मैत्री हे त्यामागचं कारण. नाव बडोदा डायनामाइट प्रकरणाचं. त्यांना दम्याचा विकार होता. बंगळूरच्या मध्यवर्ती तुरुंगात त्यांनी आठेक महिने काढले. तब्येत पार ढासळल्यावर जानेवारी १९७७ मध्ये पॅरोलवर सोडण्यात आलं, आणि त्यानंतर काही दिवसांतच, २० जानेवारीला, त्या गेल्या. त्या तुरुंगाच्या जागी आता ‘फ्रीडम पार्क’ आहे. सकाळी तिथे लोक फिरायला येतात. त्यांची अटक राजकारणासाठी झाली, चित्रपटासाठी नाही, हे खरं. पण अग्रहारातले सगळे मागे सरत असताना पुढे होऊन स्वतःचे दागिने काढून ठेवणारी चंद्री पडद्यावर उभी करणारी बाई आणि त्या तुरुंगातली बाई वेगळी काढणं अवघड जातं.

एक मात्र कबूल करायला हवं. काटेकोर बोलायचं तर ‘संस्कार’ला आवाँ गार्द म्हणता येणार नाही. त्याने विषय नवा आणला, रीत नवी आणली. पण गोष्ट सांगितली. आधी काय, मग काय, ते कळतं. अप्पांनी तो पाहिला असता तर ‘कळलं नाही’ म्हणाले नसते; कदाचित रात्रभर झोपले नसते. ज्यांनी गोष्टच टाकून दिली आणि चित्र, हालचाल, आवाज एवढ्यांचीच भाषा करता येते का ते पाहिलं, ती मंडळी आणखी पुढची. युरोपात हे १९२० च्या दशकातच सुरू झालं होतं. १९२९ साली लुई बुन्युएल आणि चित्रकार साल्वादोर दाली यांनी ‘अँ शिएँ आंदालू’ काढला. पॅरिसमधल्या पहिल्या खेळाला बुन्युएल खिशात दगड भरून पडद्यामागे उभे होते. प्रेक्षक अंगावर धावून आले तर असावेत म्हणून! हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि दगड तसेच राहिले. अप्पांच्या खिशात त्या दिवशी शेंगा होत्या. फोडल्या की आवाज होतो म्हणून लेकीने त्या खाऊ दिल्या नाहीत, ही त्यांची त्या संध्याकाळची मुख्य तक्रार होती.

आपल्याकडे हे काम कुठे झालं असेल, याचा अंदाज कोणाला करता येणार नाही. सरकारी खात्यात! मुंबईच्या पेडर रोडवरची फिल्म्स डिव्हिजन म्हणजे चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखवायचे माहितीपट काढणारी संस्था होती. पूर, उद्घाटनं, पंचवार्षिक योजना. ते सुरू झाले की निम्मे लोक चहाला बाहेर. याच संस्थेत प्रमोद पती हा ओडिशाचा माणूस नोकरीला होता. चेकोस्लोव्हाकियात, बाहुल्यांच्या चित्रपटांचे उस्ताद यिर्झी त्रन्का यांच्याकडे तो हलत्या चित्रांची कला शिकून आला होता. त्याने कुटुंबनियोजनावरसुद्धा ‘क्लॅक्सप्लोजन’ नावाचा असा चित्रपट केला की त्यात उपदेशाचं वाक्य शोधावं लागतं. अप्पांना चष्मा पुसायला लावणारा ‘एक्सप्लोरर’ १९६८ चा, त्याचाच. आणि पहिला, रंगांचा, म्हणजे ‘आबिद’, १९७२ चा.

‘आबिद’मधला माणूस म्हणजे आबिद सुरती. ‘धर्मयुग’ घरी येणाऱ्या कोणालाही हे नाव सांगायला नको. त्यातले ‘ढब्बूजी’ त्यांचेच. पुढे इंद्रजाल कॉमिक्समधला ‘बहादूर’सुद्धा त्यांनीच घडवला. या चित्रपटात ते चित्रं काढतात. पण माणूस चालतो तसे चालत नाहीत, कठपुतळीसारखे उडी घेत घेत सरकतात. युक्ती अशी: चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चित्रं असतात. एरवी कॅमेरा ती सलग घेत जातो. इथे माणसाने एका जागी निश्चल उभं राहायचं, एक चित्र घ्यायचं, मग त्याने थोडं सरकायचं, पुन्हा निश्चल, पुन्हा एक चित्र. या हिशेबाने पाच मिनिटांसाठी ७,२०० वेळा थांबायचं आणि सरकायचं. म्हणजे जिवंत माणसाची बाहुली झाली. ती का करावी? तर, चित्रपटात हालचाल दिसते ती खरी नसतेच, ती स्थिर चित्रांची रांग असते; एरवी लपवलेली ही गोष्ट इथे उघड केली आहे. हे एकदा ध्यानात आलं की ‘आबिद’ पाहताना मजा वाटते. जादूगाराने पत्ता कुठून काढला ते दिसत असतानाही टाळी वाजवावी, तशी.

प्रमोद पती १९७५ साली गेला. वय चव्वेचाळीसच्या आत. आज दूरदर्शनच्या पडद्यावर साबणाची वडी आपोआप सरकते, कपडे स्वतःच्या घड्या घालून घेतात, त्या जाहिराती पाहताना त्याचं नाव कोणाला आठवत नाही. बिनीवाल्याचं असंच होतं. रस्ता झाला की तो सगळ्यांचा. आबिद सुरतींनी तर २००७ पासून निराळीच बिनी धरली. मुंबईजवळच्या मीरा रोडला दर रविवारी प्लंबरला घेऊन घरोघर जायचं आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. यालाही काही लोक आधी ‘काही कळलं नाही’ असंच म्हणाले असणार.

पण मागून फौज येईपर्यंत ती चित्रफीत जागेवर राहील, याची हमी नसते. तिसरा चित्रपट, रेषांचा, चित्रकार अकबर पदमसी यांचा ‘सिझिजी’. १९७०. हेच ते पदमसी, ज्यांच्या एका चित्रावरून १९५४ मध्ये मुंबईत अश्लीलतेचा खटला झाला होता आणि ते निर्दोष सुटले होते. त्यांना नेहरू शिष्यवृत्ती मिळाली. त्या पैशात एखाद्याने घर दुरुस्त केलं असतं. त्यांनी १९६९ मध्ये मुंबईत कॅमेरा, डार्करूम, छापयंत्र अशी सामायिक कार्यशाळा थाटली आणि इतर कलावंतांना दार उघडं ठेवलं. नलिनी मलानी त्या वेळी अगदी तरुण होत्या. त्यांचा ‘ड्रीम हाऊसेस’ तिथलाच. पुढे २०१७ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने त्यांच्या साऱ्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. कार्यशाळा मात्र १९७२ पर्यंतच चालली. पदमसींनी तिथे दुसराही एक चित्रपट केला होता, ‘इव्हेंट्स इन अ क्लाऊड चेंबर’. त्याची प्रत एकच होती, आणि ती हरवली. २०१६ साली आशिम अहलुवालिया यांनी त्या हरवलेल्या चित्रपटावरच एक चित्रपट केला आणि म्हाताऱ्या पदमसींना त्यात आठवायला लावलं. २०२० मध्ये पदमसीही गेले.

मराठीत याहून वेगळं झालं नसतं. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’वर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी सहकारी तत्त्वावर १९७६ मध्ये चित्रपट केला, मणी कौल, सईद मिर्झा, के. हरिहरन, कमल स्वरूप ही मंडळी. नाना फडणवीस मोहन आगाशेच. ओम पुरींच्या सुरुवातीच्या चित्रपटांतला हा एक. नाटक ज्यांनी डोक्यावर घेतलं त्यांतल्या किती जणांना चित्रपट माहीत आहे? त्याची एक प्रत बर्लिनच्या ‘आर्सेनाल’ संस्थेच्या संग्रहात शिल्लक राहिली, म्हणून तो २०१४ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा पाहता आला. पेशवाईतल्या पुण्याची गोष्ट जपली जर्मनीने! याला काय म्हणावं?

न कळणाऱ्या प्रत्येक चित्रपटापुढे हात जोडावेत, असा याचा अर्थ मुळीच नाही. कॅमेरा हलवत ठेवला, मध्येच घड्याळ दाखवलं, मागे टिकटिक लावली, की झाला प्रयोग, असं मानणारेही भरपूर आहेत. पन्नास वर्षांपूर्वी दुसऱ्याने काढलेल्या वाटेवरून चालणारा आज बिनीवर कसा असेल? ओळखायचं कसं, याला सोपं माप नाही. मात्र एक गोष्ट करून पाहता येते. दोनदा पाहायचं. पोकळ असेल ते दुसऱ्यांदा आणखी पोकळ वाटतं.

हे पाहायची सोयही बंगळूरला आहे. ‘एक्सपेरिमेंटा’ हा प्रायोगिक चित्रपटांचा महोत्सव २००३ मध्ये शाय हेरेडिया यांनी मुंबईत सुरू केला आणि पुढे तो या शहरात आला. मुंबईने सोडलं, बंगळूरने धरलं. गंमत म्हणजे याच बसवनगुडीतल्या आचार्य पाठशाळेत शिकलेला, घरी मराठी बोलणारा एक मुलगा, शिवाजीराव गायकवाड, शहरातल्या बसवर कंडक्टर होता. १९७५ साली तो पडद्यावर आला आणि रजनीकांत झाला. मुख्य फौज ती! तिला मागे कोण आहे याची काळजी करावी लागत नाही.

त्या संध्याकाळी लेकीने अप्पांना गांधी बाजारात नेलं आणि ‘बाय-टू’ कॉफी सांगितली. एका कॉफीचे दोन पेले करून देण्याची तिथली रीत. पेला हातात घेताना तिने सहज सांगितलं, ‘‘अप्पा, तो पहिल्यातला उड्या मारणारा माणूस ढब्बूजीवाला होता.’’

अप्पांनी पेला खाली ठेवला. ‘‘धर्मयुगातला? अगं, मग आधी नाही का सांगायचं!’’ खिशातून मूठभर शेंगा काढून त्यांनी टेबलावर ओतल्या आणि एक फोडली. ‘‘पुन्हा कधी दाखवतात ते विचारून ठेव.’’